रॉकेल नव्हतं ते पाच दिवस

आण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज तुमच्या नातीनं पहिल्यांदाच तुमच्याबद्दल नीट काही विचारलं. आज शुक्रवार, इथं दोह्यात सुट्टी. अल दुहैलच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर तिनं शाळेच्या प्रोजेक्टचे फोटो पसरले होते. अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक लहान शहर, तिथलं एक कॅफे. काळ्या लोकांना तिथं बसून खायला बंदी होती, म्हणून काही विद्यार्थी रोज जाऊन नुसते बसून राहायचे. एका फोटोत मालक त्यांच्याकडे पाठ करून उभा आहे. ती पाठ बघून मी भाजी चिरायची थांबले. "आई, आजोबांचं पण हॉटेल होतं ना? डिड ही लेट एव्हरीवन सिट?" तिला मराठी सगळं कळतं, बोलता बोलता मात्र इंग्रजीत घसरते. मी म्हटलं, "हो. म्हणजे, नंतर." तिनं पेन खाली ठेवलं. "आफ्टर व्हॉट?"

मग सांगावं लागलं. आपल्या हॉटेलच्या मागच्या खिडकीत कान तुटलेले कप पालथे ठेवलेले असत. दलित वस्तीतल्या माणसांनी तिथं बाहेर उभ्यानं चहा प्यायचा आणि कप स्वतः विसळून ठेवायचा. मला त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. खिडकी जशी होती तसे ते कप होते. आम्हाला गणित शिकवणाऱ्या बाई त्याच वस्तीतल्या. एकदा त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांना भर उन्हात कप विसळताना शाळेतल्या पोरांनी पाहिलं आणि वर्गात त्यांची नक्कल केली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल उघडताच बाई वडिलांना आणि वस्तीतल्या सहा जणांना घेऊन आत आल्या आणि दारालगतच्या बाकांवर बसल्या. "आठ चहा," त्या म्हणाल्या. तुम्ही गल्ल्यावरून न उठता म्हणालात, "बाई, आज रॉकेल नाही."

पाच दिवस रॉकेल नव्हतं. तुम्ही शिवी दिली नाहीत, कुणाला हात लावू दिला नाहीत, हे मी लेकीला आवर्जून सांगितलं. पण तिसऱ्या दिवशी कुणीतरी बाकांवर बादलीभर पाणी ओतलं तेव्हा तुम्ही वर्तमानपत्र वाचत होतात. ते सगळे ओल्या बाकांवर बसले. साडेदहाला बाई उठून शाळेत आल्या. पातळ मागून भिजलेलं होतं, आणि फळ्याकडे तोंड करून त्या समीकरणं लिहीत होत्या. वर्गात कुणीतरी हसलं. मी हसले नाही, एवढंच.

पाचव्या दिवशी आईनं डबा देऊन मला तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही बाईंना पुन्हा तेच म्हणालात, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आण्णा, आत रॉकेलचे दोन डबे भरलेत की." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी तुमची पोरगी नव्हेच, परक्या घरचं कुणीतरी आहे. "घरला जा," तुम्ही म्हणालात. "तुला कुणी विचारलं?" बाई शांतपणे म्हणाल्या, "तिला रागावू नका. तिनं फक्त बरोबर उत्तर दिलं."

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टोव्ह पेटवलात. पोऱ्याला न सांगता आठही कप स्वतः नेलेत. ठेवताना निम्मा चहा बशीत सांडला. बाईंच्या वडिलांनी तो बशीतूनच प्यायला. त्याच आठवड्यात मागच्या खिडकीवर तुम्ही फळी ठोकलीत. लेक एवढं ऐकून उठली, मला मिठी मारली आणि लिहायला बसली. तिच्या प्रोजेक्टात तुम्ही आता धीराचे आजोबा आहात.

मी तिला पुढचं सांगितलं नाही. सगळ्यांचे कप एकच झाले, त्यानंतर तुम्ही स्वतःच्या हॉटेलात चहाचा घोट घेतला नाहीत. आई घरून चहाचा थर्मास पाठवायची. विचारलं तर पित्त झालंय म्हणायचात. थर्मास पोचवायला मीच यायची. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुम्हाला त्यावरून दोष देत आले. आज तुम्हाला खडसावून विचारायचं, म्हणून लिहायला बसले होते.

पण लिहिता लिहिता दहावीचा निकाल आठवला. मी पेढे घेऊन बाईंच्या घरी गेले होते. वस्तीत पहिल्यांदाच. त्यांनी एक पेढा लगेच तोंडात टाकला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आतून गरम पोह्यांची बशी आणली. मी म्हणाले, "बाई, माझा आज उपास आहे." त्या बशी आत घेऊन गेल्या आणि एक केळं घेऊन आल्या, सालीसकट. "हे तर चालेल ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले आणि त्यांच्यासमोर बसून ते खाल्लं.

आण्णा, हे तुम्ही मला शिकवलं नव्हतं. माझा त्या दिवशी उपास नव्हता.