फळीखालची वायर

इंदोरा, नागपूर
मंगळवार

प्रिय बाबा,

जय भीम. तुम्ही फोन उचलत नाही. आई उचलते, म्हणते "ते बाहेर गेले," आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. आईला खोटं बोलणं कधी जमलं नाही, आता या वयात तुम्ही तिला शिकवायला निघालात. म्हणून पत्र लिहिते आहे, ते तुम्हाला मधेच कापता येणार नाही. आणि आधीच सांगून टाकते, ही माफी नाही. धोंडबाकाकांच्या गाडीतली चूक तुमची होती. ती मी गल्लीतल्या सात बायांसमोर तुमची म्हणून सांगितली, आणि उद्या कोणी विचारलं तर उद्याही सांगीन. रागाने पत्र फाडायचं असेल तर फाडा, पण आधी पूर्ण वाचा.

प्रीतमदादाने तुमचे कान भरले, ते मला माहीत आहे. मोनालीनं बापाची इज्जत चव्हाट्यावर मांडली, असंच म्हणाला असेल ना? तो तिथे नव्हता. त्याला कन्हानमध्ये बसून सगळं दिसतं. घडलं काय ते माझ्याकडून ऐका.

अशोक विजयादशमीला आठ दिवस होते. काका नरखेडकडून पिकअप घेऊन आले. तुम्हाला गाडी आठवतच असेल, निळी, एरवी मोसंबी-संत्री वाहते आणि सणाला भीमगीतं वाजवत गावची माणसं दीक्षाभूमीवर आणते. साउंडचं सगळं काम, अॅम्प्लिफायरपासून वायरीपर्यंत, तुमच्याच हातचं, सात वर्षांपूर्वीचं. काकांनी शर्टाच्या खिशातून मूठभर जळलेले फ्यूज काढून काउंटरवर ओतले. म्हणाले, पोरी, अॅम्प फ्यूज खाऊन राहिला. एका दुकानात अॅम्प बदलून झाला होता, नवाही तसाच खायचा. दुसऱ्या एकाने सल्ला दिला की फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार टाका, कटकटच मिटते. काकांनी ती तार खिशात आणली होती, पण टाकली नव्हती. धम्मानंदला विचारल्याशिवाय टाकणार नाही म्हणाले. तुम्ही आता कन्हानला प्रीतमदादाकडे असता, दुकानात बसत नाही, हे कळल्यावर त्यांचं तोंड उतरलं. मला राग आला, पण मी गाडी आत घेतली.

मी तुम्हाला फोन केला. सांगितलं की अॅम्पच्या अंगावरचे दोन फ्यूज धडधाकट आहेत, जळतो तो बॅटरीजवळचा साठ अँपिअरचा. अॅम्प बिघडला असता तर आधी त्याचे स्वतःचे फ्यूज गेले असते. म्हणजे दोष बॅटरी आणि अॅम्पच्या मधल्या वायरीत. हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच, मी सहावीत असताना. आणि तुम्ही काय म्हणालात? "माह्या वायरीले काही होत नाही. अॅम्प बदल. फळी उचलू नको." आणि फोन ठेवला.

मी ऐकलं तुमचं. इथे माझी चूक झाली, तीही लिहून ठेवते. तीन दिवस डाल्यातली ती वायरीवरची फळी सोडून सगळं केलं. सीटमागचा अर्थिंगचा पॉइंट घासून लख्ख केला, स्पीकर एकेक काढून पाहिले, अॅम्प टेबलावर घेऊन वाजवला. दुकानासमोर गाडी उभी करून अख्खी दुपार गाणी लावली. शेजारच्या जिजाबाई म्हणाल्या, पोट्टे, जयंती लवकर आली काय वं यंदा? फ्यूज काही उडेना. गाडी ठीक झाली म्हणून काकांना दिली. दुसऱ्या दिवशी परत हजर, हातात जळका फ्यूज. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका बिचारे शांतपणे म्हणाले की मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, रिकामी असली का गाते, भरली का मुकी होते. हो, सांगितलं होतं. मी कान दिला नव्हता. गिऱ्हाइकाला काय कळतं, असं आपल्या धंद्यात सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटलं.

मग मी गाडी भरायचं ठरवलं. मोसंबी कुठून आणू? जिजाबाईंना हाक मारली, म्हटलं तुमचं महिला मंडळ घेऊन या आणि मागे डाल्यात बसा. सात जणी चढल्या. कशाला, काहून, कोणी विचारलंच नाही, गाडीत बसायला मिळतंय म्हटल्यावर खूश. गाणं लावलं तर त्यांनी टाळ्या धरल्या. दोन मिनिटांत टप्, सगळं बंद. फ्यूज बदलला, त्यांना पुढच्या बाजूला सरकवलं, तर गाणं चालू. मागे सरकवलं की टप्. शेवटी जिजाबाईंना एकटीला डाव्या चाकावरच्या कोपऱ्यात बसवलं आणि पुन्हा टप्. त्या म्हणाल्या, आता मले वजनावरून बोलशीन तर पाहाच. सगळ्या इतक्या हसल्या की काकाही हसले. मी हसले नाही बाबा. मला कळून चुकलं होतं.

फळी उचलली. तुमची ती प्रसिद्ध फळी. पेट्या घासून वायर सोलली जाऊ नये म्हणून वायरीवर प्लायची फळी टाकायची आणि चारी बाजूंनी स्क्रू मारायचे, हे काम नागपुरात फक्त तुम्ही करायचात. संत्र्याच्या गाडीवाल्यांना त्याचं केवढं कौतुक! पण सात पावसाळ्यांत प्लाय नरम पडते, हे तेव्हा तुमच्या ध्यानात आलं नाही. ओझं पडलं की फळी वाकते, स्क्रूचं टोक वायरीत घुसून खालच्या पत्र्याला टेकतं, शॉर्ट होतं. ओझं काढलं की वर येतं. वायरीवर भोक होतं, खालचा पत्रा काळा पडला होता. वायर वाचवायला लावलेल्या फळीनेच वायर खाल्ली. फळीच्या पाठीवर पेन्सिलीने तुमचा "ध" आणि तारीख होती, कोणत्याही कामावर लिहिता तशी.

काकांनी विचारलं, कोणाची चूक गं ही? सगळ्या बाया टकामका पाहत होत्या. आपल्या धंद्यातलं उत्तर तयारच असतं, उंदरानं कुरतडली. कोणालाच राग येत नाही. प्रीतमदादाने नंतर फोनवर मला हेच ऐकवलं, उंदीर म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं. एक क्षण माझ्याही जिभेवर आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण तो "ध" समोर होता. मी म्हटलं, ही माझ्या बाबांची चूक आहे, आणि दुरुस्त मी करते. काका म्हणाले, धम्मानंदनं जे केलं ते चांगल्यासाठीच केलं. तेही खरं आहे, आणि तेही मी सगळ्यांसमोर मान्य केलं. पण हे तुमच्यापर्यंत कोणी पोचवलं नसेल.

बाबा, मी दहा वर्षांची होते तेव्हा दुकानात येणारा प्रत्येक जण तुम्हाला विचारायचा, पोरीले काहून बसवतं गा इथे? तुम्ही वायरीत करंट आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प माझ्या हातात दिला आणि त्यांच्याच गाडीखाली मला पाठवलं. एकदा एकजण गाडी घेऊन चालला होता, तर तुम्ही म्हणालात, जा, पण गाडी पुन्हा बंद पडली तर हिच्याकडेच यायचं. तो आलाही. त्या दिवशी मला वाटलं होतं की माझे बाबा कोणालाच घाबरत नाहीत. आणि आता एका स्क्रूला घाबरून घरात बसलात? मला याचाच राग येतो आहे. चूक झाली म्हणून नाही. चूक माझीही झाली, तीन दिवस वाया घालवले मी. पण तुम्ही "फळी उचलू नको" म्हणालात तेव्हा तुम्हाला शंका आली होती. आली होती ना? तुमचा आवाज मी ओळखते.

गाडी मी पूर्ण बदलली. नवी वायर पाइपातून घातली, डाल्याच्या कडेने वर नेली, पत्र्यातून जाते तिथे रबर बसवलं. फ्यूज साठचाच ठेवला, एका अँपिअरनेही वाढवला नाही. विजयादशमीला काका गावची पंचवीस माणसं घेऊन आले, नरखेडपासून दीक्षाभूमीपर्यंत गाणी थांबली नाहीत. जाताना दुकानासमोर थांबून त्यांनी मला खीर दिली. तुम्हीही त्या दिवशी प्रीतमदादाबरोबर दीक्षाभूमीवर आला होतात, हे मला आईकडून कळलं. इंदोऱ्यावरून गेलात, पण दुकानात पाय ठेवला नाही. मी दिवसभर तुमची खुर्ची पुसून ठेवली होती. लागलं मला ते. खूप लागलं.

पण तेवढ्यासाठी मी पत्र लिहीत बसले नसते. काल काटोलहून अनंत म्हणून एकजण पिकअप घेऊन आला. तीच फळी, तोच "ध". त्याच्या फ्यूजच्या जागी जाड तार होती, कोणीतरी कटकट मिटवून दिली होती. मी फळी उचलली तर ती खालून हातभर जळून कोळसा झालेली, आणि वर तो रोज पेट्या वाहतो, रविवारी बायकापोरांना बसवतो. मी आधी ती तार उपटून काढली बाबा. पुढच्या आठवड्यात संत्र्याची तोड जोरात सुरू होईल, सगळ्या गाड्या भरतील. तुम्ही अशा किती गाड्या केल्यात, कोणाच्या, कोणत्या गावच्या, हे कुठेच लिहिलेलं नाही. ते फक्त तुमच्या डोक्यात आहे, आणि तुमच्या डोक्यातून गाडी कधी सुटत नाही, हे अख्ख्या बाजाराला माहीत आहे. रविवारी सकाळच्या बसने मी वही घेऊन कन्हानला येते आहे. दार उघडलं नाहीत तर ओट्यावर बसून मोठ्याने विचारीन, गल्लीने ऐकलं तर ऐकू दे. तुम्हाला कोणाच्या पाया पडायला सांगत नाही. गाड्या मी शोधीन, फळ्या मी उचलीन, लोकांच्या शिव्या मी खाईन. माझ्याशी बोलायचं नसेल तर नका बोलू. नुसती नावं सांगा.

तुम्ही हातात टेस्ट लॅम्प दिलेली, तुमचीच
मोनाली