बसूचा गुडघा

१४ जून, उदगीर
आज लेखी आलं. आमचा फुटबॉल संघ खालच्या गटात गेला. कोच देशमुख सरांनी कागद वाचला, घडी करून खिशात घातला. पोरं बुटाच्या नाड्या सोडत बसली. शेवटच्या मॅचला बसवराज ताप आला म्हणून घरी राहिला, तिथंच बुडालो. आमचा नऊ नंबर बसू, माझा शाळेपासूनचा दोस्त. कॅप्टन मी. मीच म्हणालो होतो, आराम कर.

२ जुलै
मोबाईलवर बसूचा फोटो. नांदेडच्या संघाचा निळा शर्ट, गळ्यात हार. ताप म्हणे!
त्याचा आमच्या संघाचा शर्ट माझ्या शिलाईच्या दुकानातच होता, बाही उसवली म्हणून शिवायला दिलेला. कात्रीनं चार तुकडे केले. मशीनचं तेल पुसायला कामी येतील. बायको शबाना म्हणाली, "कपड्यानं काय केलं तुमचं?"

२३ ऑगस्ट
हदगाव. मैदानाला लागून सोयाबीन, बॉल आत गेला की खेळ बंद. पंच अर्धा तास उशिरा. तीन गोलांनी जिंकलो. खुशी न्हाई. बॉलला लाथ घालताना एकच तोंड दिसून राहिलं.

१९ सप्टें.
चषकाची सोडत निघाली. आमची गाठ नांदेडशी! सर म्हणाले, "नासेर, डोकं थंड ठेव." हाव, ठेवतो म्हणालो. खोटं बोललो.

५ ऑक्टो., नांदेड
बसूनं दोन गोल मारले. दोन्ही वेळा हात वर केला न्हाई, मान खाली घालून परत गेला. आमच्यावर दया! गोल सोसले असते, ते न्हाई सोसलं. बॉल कधीच पुढं गेला होता. मी थांबलो न्हाई. सरळ गुडघ्यावर. आवाज आला.
लाल कार्ड. बरं वाटलं. स्वतःसाठी लिहितोय तर खरं लिहितो, लई बरं वाटलं.

१२ ऑक्टो.
चार मॅच बंदी, लीगच्या धरून. बसूचं ऑपरेशन झालं, त्याचा हा मोसम गेला. शबाना त्याच्या आईला भेटून आली. तिनं चहा पाजला, माझं नावसुद्धा काढलं न्हाई. "शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं," शबाना म्हणाली.

९ नोव्हें.
किल्लारीकडून हरलो. मी बाहेर, मागची फळी उघडी. सर पहिल्यांदाच ओरडले. "तुझ्या सुडाला अकरा जण कशाला पाहिजेत? एकट्यानं घे की!"


२१ डिसें., लातूर
शेवटची मॅच. जिंकलो तर वर. बंदी आजपर्यंत, म्हणून मी पायऱ्यांवर. मध्यंतरात शेजारी कुबडी टेकली. बसू.
"ताप होता का?" मी विचारलं.
"नव्हता."
"मग तोंडावर सांगायचं."
"जाऊ दिलं असतंस?"
न्हाई दिलं असतं. उरलेली मॅच दोघांनी मिळून बघितली.
एक-शून्य. चढलो! पोरं सरांना खांद्यावर घेऊन नाचली. बसू म्हणाला, "डॉक्टर म्हणतो, पुढच्या मोसमाला पळशील."
"ये मग."
"समोर तूच?"
"मीच."
उठताना त्यानं हात पुढं केला. पायऱ्या उंच होत्या म्हणून धरला, खाली उतरवलं. माफ केलं न्हाई. त्यानंही केलेलं न्हाई, पकडीवरून कळलं.