तिच्या वाक्याआधीची कोरी जागा

सोमवार, ४ मार्च

मिळालं! गर्दीतला आवाज आता नवरा झाला. आजवर या स्टुडिओत मी फक्त 'पकडा त्याला', 'गाडी थांबवा' आणि एकदा एक जखमी घोडा एवढंच केलंय.

परदेशी मालिका आहे, आपल्या भाषेत बोलायची. दोन जोडपी डोंगरातल्या बंगल्यात सुट्टीला जातात. जेवणं होतात, गप्पा संपतात, गोड काही केलेलं नसतं — म्हणून ठरवतात की महिनाभर जोडीदार बदलून राहू. पुढचे सगळे भाग रडारड. मी दुसरा नवरा. माझी स्वतःची बायको म्हणजे आक्का. पंचावन्नच्या आहेत, पण आवाज अजून कॉलेजात. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, त्या सोडायला तयार नाहीत.

आणि बदलून जी माझ्या वाट्याला येते तिचा आवाज कोणाचा? शिट्टीचा!! (बोलायच्या आधी हळूच शिट्टी वाजवते, घसा मोकळा करायला. गेले सहा महिने माझी झोप त्या शिट्टीने उडवलीय, हे तिला सोडून कोणालाही कळेल.)

मंगळवार, ५

बाबांना सांगितलं. पेपरातून वर न बघता म्हणाले, "प्राध्यापकाशी भांडून कॉलेज सोडलंस ते लोकांच्या बायका बदलायला?"

म्हटलं, फक्त आवाज द्यायचाय.

"मग ठीक. तो तुझ्याकडे भरपूर आहे."

घरातल्या विनोदाचं कंत्राट यांच्याकडेच.

भाषांतर करणाऱ्या बाईंनी 'अदलाबदल' हा शब्द सगळीकडून उपटून टाकलाय. चॅनेलला चालत नाही म्हणे. त्याजागी 'तो निर्णय'. आता चौघे डोळे लाल करून किंचाळतात — 'त्या निर्णयानंतर तू माझ्याकडे एकदा तरी पाहिलंस का?' जणू काही इमारतीची पाण्याची टाकी बदलली.

बुधवार, ६

प्रेमात आकंठ बुडालोय. समोर एक माइक आणि टेकायला एक मोडकं स्टूल. बस्स.

प्रत्येकजण एकटा बोलतो ना इथे. ती सकाळी येऊन तिची वाक्यं बोलून जाते, मी दुपारी हेडफोन लावून त्यांना उत्तरं देतो. पण प्रत्येक वाक्याआधी थोडी जागा कोरी राहते, आणि त्यात तिची शिट्टी असते. अगदी बारीक. शेवटी सगळं जोडताना रेकॉर्डिस्ट ती कापून टाकतो. (त्याला सगळे कान म्हणतात. कामच तेवढं.) मालिका बघणाऱ्यांना कधी कळणारही नाही. ती शिट्टी फक्त माझी!

मास्तर, म्हणजे आमच्याकडून आवाज काढून घेणारे, काचेपलीकडून ओरडले, "आवाज आत ठेव रे! तुझी बायको गेलीये, बस नाही."

जाताना ती बाटली भरत होती. म्हणाली, "तू चिडतोस छान." घरी येईपर्यंत मी कोणावरही चिडलो नाही.

शुक्रवार, ८

केलं!

दुसऱ्या भागात आधी माझी वाक्यं होती, ती उद्या ऐकून उत्तर देणार. कान फोनवर बोलत बाहेर गेला होता, यंत्र चालूच. मी त्या कोऱ्या जागेत म्हणालो — "ऐक, हे मालिकेतलं नाही. तू मला आवडतेस. हो असेल तर पुढच्या वाक्याआधी नुसतं हं म्हण."

मग लगेच मालिकेतलं वाक्य: 'दुधाची पिशवी कोणी उघडी ठेवली?' जगातल्या सर्व प्रेमिकांनी नोंद घ्यावी.

रविवार, १०

तिने काल ऐकलं असणार. उद्या कळेल. जेवलो नाही. आईने विचारलंही नाही, थेट ताट झाकून ठेवलं.

सोमवार, ११

चॅनेलला म्हणे बायकांचे आवाज शोभत नाहीत. शिट्टीची बाई आक्का बोलणार, आक्कांची बाई शिट्टी. म्हणजे माझी बायको शिट्टी — जी मालिकेत दुसऱ्याच्या घरी राहायला गेलीये. माझ्या घरात आक्का!

पहिल्या नवऱ्याचा आवाज एका बँकवाल्याचा. दिवसा कॅशवर बसतो, संध्याकाळी खर्जात बोलतो. आता पुढचे सगळे भाग शिट्टी त्याच्याशी गुलूगुलू करणार.

मी मास्तरांच्या खोलीत शिरलो. टेबलावर हात आपटला. "ती माझ्याबरोबर आहे, असं परस्पर कसं बदलता?"

मास्तर माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या मागे बघत होते.

दारात ती. "मी कोणाबरोबर आहे हे कधी ठरलं?" म्हणाली. शांतपणे. आणि गेली.

मी नोकरी सोडून निघालो. घराच्या दाराशी पोचल्यावर आठवलं की कोऱ्या जागेतलं ते बोलणं तसंच आहे. आता ते आक्कांच्या कानात जाणार. परत जाऊन नोकरी घेतली. मी ती सोडल्याचं कोणाला कळलंही नव्हतं. कान घरी गेला होता, ते पुसून घ्यायचं उद्यावर.

मंगळवार, १२

उशीर झाला. आक्का सकाळीच बोलून गेल्या.

हेडफोन लावले. खसखस. गोळीच्या कागदाचा आवाज. मग — "हं."

मेलो.

"म्हणजे मी नव्हे रे बाळा. माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे. यंत्राला काय सांगतोस? तिच्या तोंडावर बोल. आणि विचार बरं का. सांगू नकोस."

घसा खाकरला आणि पुढच्या क्षणी पंचवीस वर्षांची बाई रडत होती: "तुम्ही तिघांनी ठरवलंत. मला फक्त बॅग भरायला सांगितलंत."

माझं उत्तर होतं, 'मला वाटलं तुला चालेल.' एवढंच. चार शब्द. आठवडाभर मी या मालिकेला हसतोय, पण हे चार शब्द काही केल्या नीट येईनात. काल टेबलावर आपटलेला हात अजून दुखत होता. शेवटी जे निघालं ते इतकं बारीक होतं की वाटलं मास्तर हाकलणार.

"हे चाललं," म्हणाले.

शनिवार, १६

आज विचारणार होतो. ती जिन्यात होती. मीही होतो. पाण्याचं यंत्र बिघडलंय यावर आमची सविस्तर चर्चा झाली.

मंगळवार, १९

यंत्र दुरुस्त झालं. आता बोलायलाही काही उरलं नाही.

शुक्रवार, २२

विचारलं. जिन्यातच. आधी त्या दिवशीच्या ओरडण्याबद्दल माफी, मग ते. आवाज दोनदा फुटला.

तिने बाटलीचं झाकण लावलं. म्हणाली, "ते मी त्या शनिवारीच ऐकलं होतं. माझं उत्तर नाही असं आहे. पण तुझ्या कानात, त्या बाईच्या आवाजात नाही म्हणायचं आणि तू लगेच पुढचं वाक्य बोलायचं — ते मला जमेना. म्हणून मीच मास्तरांकडे आक्कांची बाई मागून घेतली." चॅनेलला यातलं काही ठाऊकच नाही.

मी 'बरं' म्हणालो. ती खाली गेली. शिट्टी वाजवली नाही. आठवणीने वाजवली नसावी.

उद्या शेवटचा भाग. मालिकेतल्या त्या बॅगवाल्या बाईला दारातून जाऊ द्यायचंय, न ओरडता. मास्तरांना काळजी आहे मला जमेल का. जमेल.