सशांवरची पावडर

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. आज तो पुन्हा उसळला, म्हणून लिहायला बसले. माझ्या नातीनं ससा पाळलाय. घरात पिसवा झाल्या, तर माझा मुलगा दुकानातून कुत्र्यामांजरांवर मारायचा फवारा घेऊन आला आणि झाकण काढत म्हणाला, "मम्मी, एक बार मार देते हैं, खत्म." अगदी तुमचा सूर. मी त्याच्या हातातून बाटली हिसकावली आणि अशी ओरडले, की पोर घाबरून ससा पोटाशी धरून बाहेर पळाली.

खमरियाचं आपलं क्वार्टर आठवतं? लढाई सुरू होती. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले, आणि तुम्ही दारूगोळ्याच्या कारखान्यात एका पाळीला जोडून दुसरी पाळी करत होता. शेजारच्या काकूंची नागपूरला बदली झाली तेव्हा त्यांनी जाताना त्यांचे दोन ससे मला दिले, एक पांढरा आणि एक भुरा. मागच्या अंगणातल्या लाकडांच्या ढिगात मांजरं वीत असत, तिथून पिसवा घरात शिरल्या. सगळ्यांच्या घोट्यांवर लाल पुरळ. तुम्ही आल्या आल्या पाय खाजवायचात आणि सशांच्या खोक्याकडे असं बघायचात, की मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहायचे.

आईनं काम हातात घेतलं होतं. तिनं खोक्यातलं जुनं गवत जाळलं, सतरंज्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकल्या, रोज पलंगाखालचा कोपरा न् कोपरा झाडून केर चुलीत घातला. उवांच्या बारीक फणीनं ती ससे विंचरायची आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची. पाण्यात पिसवा तरंगताना दिसल्या की मला बोलवायची. "अंडी फुटून नव्या निघतात," ती तुम्हाला सांगायची, "म्हणून जरा दिवस लागतील. धीर धरा." धीर तुमच्याकडे कधी होता?

दुपारची वेळ आहे. आई नळावर गेलेली. तुम्ही बाजारातून पांढरी पावडर आणलीय, पिसवा मारायची. घरभर टाकता आणि मग खोक्याशी येता. मी म्हणते, "बाबा, सशांवर नका टाकू. आई नाही म्हणाली. ते अंग चाटतात." तुम्ही मला हातानं बाजूला लोटता. "चल हट. आता तू मले शिकवशील?" आणि मूठ भरून दोघांवर टाकता, पोळपाटावर पीठ भुरभुरावं तशी निवांतपणे. नंतर तुम्ही झोपलात. घोरतसुद्धा होता.

आई आली, तिनं बघितलं आणि बादली दारातच ठेवली. ओल्या फडक्यानं दोघांना पुसून काढलं, फणी फिरवली, पुन्हा पुसलं. पण पांढऱ्यानं तोवर अंग चाटून घेतलं होतं. संध्याकाळी तो थरथरायला लागला, मागचे पाय ताणायला लागला आणि दिवेलागणीला माझ्या मांडीवर त्यानं जीव सोडला. भुरा वाचला. मी रडत होते तेव्हा तुम्ही उठून चहा मागितला आणि म्हणालात, "काहून रडून राहिली? तिकडे सीमेवर माणसं मरून राहिली, अन् तू एका सशासाठी गळा काढते? लाज नाही वाटत?"

मला लाज वाटली, बाबा. हेच मी तुम्हाला माफ करू शकत नाही. ससा तर चुकून मेला म्हणता येईल. पण रडायची लाज तुम्ही मला जाणूनबुजून वाटायला लावली, आणि त्यासाठी दुसऱ्यांच्या मरणाचा आधार घेतला. आईनं चहा दिला नाही. ती एवढंच म्हणाली, "लढाई तिकडं आहे. इथं तुम्ही एका मुक्या जीवाला मारलं." उरलेली पावडर तिनं दूर नेऊन पुरली. पुढे तीन-चार आठवडे ती रोज उकळत, झाडत, विंचरत राहिली आणि पिसवा गेल्या. तुमच्या पावडरीवाचून गेल्या. तुम्ही मात्र माझ्या लग्नात जावयाला हा किस्सा हसत हसत सांगितलात, "हिच्या सशापायी आमच्या घरी दुसरी लढाई पेटली होती." सगळे हसले. मीही हसले, नवरीसारखी, खाली मान घालून.

आज जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की तो फवारा सशाला मारू शकतो. सशाला चालेल असं वेगळं औषध त्याचं वजन करून दवाखान्यातच देतात, आणि घरात उकळणं, झाडणं, विंचरणं रोज करा, म्हणाल्या. मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "सॉरी मम्मी, मुझे पता नहीं था," आणि लगेच बाटली परत करायला गेला. बस, एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन सतरंज्या उकळायला गॅसवर पाणी ठेवलं.

हे कुठं पाठवणार? पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, तुम्ही वाचून हसला असता. आयुष्यभर मी स्वतःला सांगत आले की तुम्ही एकदा "चुकलो" म्हणाला असता तर सगळं मिटलं असतं. आज मुलगा म्हणाला, आणि तरीही मी त्याच्याशी अजून बोललेले नाही.