घोळणा

छत्रपती संभाजीनगर
९ मे

ती. बाबांना अमृताचा जय भीम.

“मंग आता आपरेशन कवा?” असं तुम्ही फोनवर विचारलंत. मला माहीत नाही, बाबा. चार महिन्यांनी मिळालेली तारीख गेली आणि नवी कोणी सांगत नाही. तुम्ही फोन ठेवून दिलात, म्हणून हे पत्र आईच्या हाती वैजापूरला पाठवते. आपला धाकटा प्रणय बरा आहे. सकाळपासून उपाशी ठेवलं म्हणून काल रुसला होता, तेवढंच.

‘डॉक्टरांनीच पुढं ढकललं,’ असं आईनं तुम्हाला सांगितलं. ते पूर्ण खरं नाही.

परवा टॉन्सिलच्या ऑपरेशनचा फॉर्म भरताना मी त्याचा जन्मापासूनचा आजार, नूनन सिंड्रोम, लिहिला, हृदयाचंही लिहिलं. पुढं प्रश्न होता, ‘रक्तस्रावाचा त्रास आहे का?’ मी आईला विचारलं. ती लाजून म्हणाली, “पोराला कसला आलाय रक्तस्राव? ते बायांचं असतंय.” मी हसले आणि ‘नाही’ लिहिलं. घरात पदवीधर मी एकटी, फॉर्म माझ्याकडेच येतात.

काल सकाळी शेजारच्या खाटेवरच्या पारूबाईंनी प्रणयच्या उशीवरचा रक्ताचा डाग पाहिला. आई सहज म्हणाली, “नाकाचा घोळणा फुटतो त्याचा. दात पडला तवा तर दोन दिवस रगत थांबलं नव्हतं.”

बाबा, आपण त्याला कांदा हुंगवायचो. उष्णता म्हणायचो. रक्तस्राव कधी म्हटलंच नाही.

मी धावत गेले. शिकाऊ डॉक्टर म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल आहेत. ऐन वेळी खोडा घालू नका.” फॉर्मवर घोळणा का विचारत नाही, म्हटलं, तर म्हणाले, “फॉर्म छापील आहे.”

दुपारी मोठ्या डॉक्टर मॅडमनी समजावलं. या आजारात रक्त गोठवणारा एखादा घटक कमी असू शकतो, नेहमीच्या तपासणीत तो सुटतो. टॉन्सिल काढल्यावर रक्त थांबलं नसतं तर आवरणं अवघड झालं असतं. आता वेगळी तपासणी बाहेरगावी पाठवली आहे. रिपोर्ट कधी येईल, कोणी सांगेना. तोवर घरी त्याला दुकानातून दुखण्याची कुठलीही गोळी आणून देऊ नका, त्यानं रक्त वाहणं वाढू शकतं.

पण मॅडम दुपारी आल्या. स्ट्रेचर सकाळीच आलं होतं. मी त्याच्या आडवी उभी राहिले, फॉर्म परत मागितला, माझं ‘नाही’ खोडलं, ‘हो’ लिहिलं आणि आईला सही करायला लावली. तारीख मीच मोडली.

रागवा, पण माझ्यावर. आईवर नको.

तुमची
अमृता