गुडघ्याच्या वाटीतला डाग

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत, पहिला मजला.

अर्जदार : क्ष-किरण तंत्रज्ञ, तळमजला, खोली क्र. ६.

विषय : सेवापुस्तकातील "वर्तणूक नियमानुसार" ही नोंद रद्द करून अर्जदाराची चौकशी होणेबाबत.

संदर्भ : १) आपले ज्ञापन, जावक क्र. २०८.
२) अर्जदाराच्या पहिल्या अर्जास आपले उत्तर, जावक क्र. ४१७.

महोदय,

संदर्भ २ अन्वये आपण कळवले आहे की, अर्जदाराने वडिलांच्या आजाराबाबत केलेल्या अर्जात चौकशीयोग्य काही आढळत नाही. अर्जदार नियमानुसारच वागली असून तशी चांगली नोंद तिच्या सेवापुस्तकात घेतली आहे. या नोंदीबद्दल आभार मानणे अर्जदारास शक्य नाही. कारणे पुढीलप्रमाणे.

१. अर्जदाराचे वडील फरशी बसवण्याचे काम करत. तीस वर्षे ते गुडघ्यांवर बसून राबले आणि त्यावर अर्जदाराचे शिक्षण झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा दुखू लागला. "कामाचं दुखणं आहे, कामाबरोबरच जाईल," असे म्हणत त्यांनी ते चार महिने अंगावर काढले. अर्जदाराने हात धुऊन मागे लागून त्यांना येथील अस्थिरोग विभागात आणले. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, व्यवसाय विचारला, आणि व्यवसाय कळताच निदान ठरले : झीज. तरी एक्स-रे लिहून दिला.

२. एक्स-रे अर्जदारानेच काढला. एक समोरून, एक बाजूने. बाजूच्या फिल्ममध्ये गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाशी शर्टाच्या बटणाएवढा काळसर डाग होता. त्याच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या. अर्जदाराने नऊ वर्षांत हजारो गुडघे पाहिले आहेत. झीज अशी दिसत नाही.

३. टेबलावरून उतरून, वर दुमडलेला पायजमा खाली ओढत वडिलांनी विचारले, "काय दिसतंय?" अर्जदार म्हणाली, "डॉक्टर सांगतील, बाबा." त्याच्या वर्षभर आधी एका रुग्णाला "हात मोडलाय बहुतेक" एवढे बोलल्यावरून अर्जदारास संदर्भ १ चे ज्ञापन मिळाले होते. तंत्रज्ञाने फिल्मबाबत रुग्णाकडे वा डॉक्टरांकडे मत व्यक्त करू नये, पुन्हा घडल्यास सेवा समाप्त केली जाईल, असे त्यात नमूद आहे. अर्जदाराने नोकरी सांभाळली. अहवाल आला : "वयोमानानुसार झीज." अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांसमोर त्या दिवशी एकशे चाळीस फिल्म होत्या. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही.

४. वडील गोळ्या घेत कामावर जात राहिले. सात महिन्यांनी एका स्वयंपाकघराची शेवटची रांग बसवून उठताना वाटी तडकली. ते पडले नव्हते, घसरले नव्हते, नुसते उठले होते. मग सगळे भराभर झाले : एमआरआय, सुईने तुकडा काढून तपासणी. वाटीत गाठ होणेच मुळात दुर्मीळ, त्यातल्या बऱ्याचशा साध्या असतात, त्या खरवडून पोकळी भरली की पाय शाबूत राहतो, असे शल्यचिकित्सकांनी समजावून सांगितले. वडिलांची साधी नव्हती. हाडाचा कर्करोग वाटी फोडून सांध्यात उतरला होता. "आधी सापडती तर कदाचित वाटी काढून भागलं असतं," असे शल्यचिकित्सक म्हणाले. ते अर्जदाराला उद्देशून म्हणाले नव्हते. पाय मांडीतून काढावा लागला. पुढे औषधांच्या पाच फेऱ्या झाल्या आणि सहावीच्या आधी छातीत ठिपके दिसले. ती फिल्मही अर्जदारानेच काढली. वडील दुसऱ्या कोणाकडून काढून घ्यायला तयार नव्हते.

५. ही बाब पहिल्या अर्जात लिहिली नव्हती. पाय काढण्याच्या आदल्या दिवशी वडिलांनी ती जुनी फिल्म मागितली. वॉर्डच्या खिडकीशी उजेडात धरून त्यांनी डाग स्वतःच शोधला. म्हणाले, "फरशी खालून पोकळ राहिली की वरून दिसत नाही. पण ठोकणाऱ्याला कळतं. आणि कळलं की ती उचलावीच लागते, मालक काही का म्हणेना." मग विचारले, "तुला दिसलं होतं का गं तेव्हा?"
अर्जदार म्हणाली, "नाही, बाबा."
"मग असू दे," म्हणून त्यांनी फिल्म पाकिटात घातली. त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "पोरीच्या नजरेला पडलं असतं तर ती गप्प बसणारी नव्हे." वॉर्ड क्र. ३ मध्ये, मार्चच्या नऊ तारखेला ते वारले.

६. चौकशीस कारण नाही, असे आपण लिहिता. म्हणून कळवते की, मागील महिन्यात एका सफाई कामगार बाईंच्या वाटीत असाच डाग दिसला. अर्जदाराने त्यांच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरात "पुन्हा पाहावे" असे लिहून खाली सही केली. डॉक्टरांनी पुन्हा पाहिले. गाठ साधी निघाली, पाय वाचेल. तरीही हा ज्ञापनाचा उघड भंग आहे. आता कारण झाले.

तरी विनंती की, तंत्रज्ञांना चिठ्ठीवर हे दोन शब्द लिहिण्याची मुभा द्यावी. अर्जदाराच्या सेवापुस्तकातील चांगली नोंद खोडावी. शिक्षा कोणतीही चालेल, त्याबाबत काही म्हणणे नाही. फक्त चौकशी समोर बसवून व्हावी आणि चौकशी अधिकाऱ्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : तेव्हा दिसलं होतं का? ज्यांनी तो विचारला होता ते आता विचारू शकत नाहीत. कार्यालयाने तो विचारावा. मला खरे उत्तर द्यायचे आहे.

चौकशीच्या तारखेची वाट पाहणारी,
(सही)
क्ष-किरण तंत्रज्ञ
दिनांक : १४ ऑक्टोबर

सोबत :
१) ज्ञापनाची प्रत.
२) "वयोमानानुसार झीज" या अहवालाची प्रत.
३) उजव्या गुडघ्याची बाजूची मूळ फिल्म. पाहून झाल्यावर कृपया परत मिळावी.