डावा तळहात

प्रिय संगमेश्वर,

आज सकाळी घरात जे झालं त्यानं मी सुन्न झालेय. आईनं तर चहात मीठ टाकलं.

लकवा झालेल्यांना घरी येऊन भेटणाऱ्या रोहिणी मॅडम हल्ली आरोग्य कार्यक्रमातून चौसाळ्यात येतात. आशाताई त्यांना आपल्याकडं घेऊन आली आणि म्हणाली, "ह्या व्यवसायोपचारवाल्या." आईला वाटलं, दुकानाचं काहीतरी काम असेल. "व्यवसाय बंद हाय बाई आमचा. मालकच आंथरुणाला खिळलेत," ती लगेच म्हणाली. मला हसू आवरेना. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, माणूस दिवसभर जे जे करतो तो सगळा त्याचा व्यवसायच, मालक उठल्यावर पहिलं काय करायचे? आईनं सांगितलं, शिवपूजा. आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग हातावर घ्यायचं, त्याआधी पाण्याचा घोटही नाही.

आप्पांची डावी बाजू गेल्यापासून आई रोज लिंग त्यांच्या उजव्या हातात ठेवते, तो तरी चालतोय म्हणून. ते हात झटकतात, तोंड फिरवतात, घास थुंकतात. मग दुपारी आम्ही दामटून भरवतो. यावरूनच तर आपण ठरवलं ना, की आप्पांना आता काही कळत नाही? जीभ जड झाल्यापासून ते बोलायचेही थांबले होते.

मॅडमनी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. पुढं चौरंग ठेवून त्यावर डावा हात घेतला, मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी सारली आणि आखडलेली बोटं हळूहळू उघडली. "आता ठेवा," म्हणाल्या. "त्यात जीव न्हाई," आई कुरकुरली, पण लिंग ठेवलं. आणि कुणी काही न सांगता आप्पांचा उजवा हात उठला. त्यांनी भस्म लावलं, बेलपान वाहिलं, मान झुकवली. आम्ही बघतच राहिलो रे! लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्यानं पूजायचं, हे आपल्या लिंगायतांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आपण उजवाच अडकवून ठेवला, तर त्यांनी पूजा करायची कशानं? पूजा नाही, म्हणून ते जेवत नव्हते. एका शहाण्या माणसाला आपण वेडा ठरवून बसलो होतो.

पूजा झाल्यावर त्यांनी स्वतःहून भाकरी मागितली. बोल अडखळत होते, पण कळत होते. आई तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली. मॅडम परत येणार आहेत, सदऱ्याच्या गुंड्या एका हातानं कशा लावायच्या ते शिकवायला.

आता मी आज फोन का केला नाही, ते सांगते. आप्पांना ठेवायच्या पुण्याच्या त्या संस्थेबद्दल आपण जे जे बोललो, ते मी आप्पांच्या उशाशी बसून, स्पीकर लावून बोलत होते. तिथं कसली माणसं ठेवतात, गाडी कधी आणायची, दुकान कुणाला द्यायचं, सगळं. भाकरी खाऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघून शांतपणे विचारलं, "संगमेश कवा येतोय मला सोडायला?" उत्तर तूच द्यायला ये. गाडी आणू नकोस. पहाटे पोहोच, आंघोळ कर आणि पूजेला त्यांच्या शेजारी बस.

तुझीच,
रुद्राणी अक्का